‘मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न खोड

प्रिय,

पुण्यातल्या मोलकरणींवरच्या प्रबंधासाठीची तुझी प्रश्नावली वाचली. पहिलाच प्रश्न ‘मासिक उत्पन्न किती?’ तो खोड. धुणं-भांडी करणारी बाई उत्पन्नाचा नाही, कामांचा हिशेब ठेवते. ‘ताई, किती कामं धरलीत?’ असं विचार. मग कुठे केर-फरशी, कुठे भांडी, पोळ्यांचा माणशी भाव काय, गणपतीत पाहुण्यांची जादा भांडी कोणती वहिनी हिशेबात धरत नाही, सगळं धडाधड बाहेर येईल. खाडे वजा कर. घरचे महिनाभर परदेशी मुलाकडे गेले तर पगार मिळतो का, हेही विचार. बहुतेक ठिकाणी नाही मिळत.

तुझ्या आराखड्यातलं गृहीतक मला पटत नाही. आयटी आली, हिंजवडी-बाणेरला टॉवर उभे राहिले, नवराबायको दोघं नोकरीला लागले, म्हणून कामं वाढली, इथवर बरोबर. पण कामं वाढली म्हणजे भाव वाढेलच असं नाही. कारखान्यातल्या शंभर कामगारांचा मालक एक. इथे एका बाईचे पाच मालक, आणि प्रत्येकाशी ती एकटीच बोलते. जास्त मागितलं की गेटवर दुसरी तयार. शिवाय ज्या वाढीने काम दिलं, तिनेच खोलीचं भाडंही चढवलं. दोन कामांमधली पायपीट आणि बसची वाट कुणी मोजतच नाही. तू मोज. त्याला वेगळा रकाना ठेव.

भाव वाढला तो बायका एकत्र आल्या तेव्हा. १९८० मध्ये पुण्यातच मोलकरणींनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. भरपगारी सुट्टी, दिवाळीचा बोनस या मागण्या तिथून रुजल्या. प्रबंधात अर्थशास्त्राच्या आलेखांइतकीच जागा याला दे. (तुझे मार्गदर्शक नाक मुरडतील, मुरडू देत.)

कायद्याचं प्रकरण मात्र थोडक्यात आटप. महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांना कल्याण मंडळ दिलं, पगाराचा दर नाही ठरवला. पंचावन्न पूर्ण झालेल्या नोंदीत बाईला दहा हजारांचं सन्मानधन मिळतं, तेही एकदाच. २०२१ च्या टाळेबंदीत सरकारने दीड हजार दिले, तेही नोंद असलेल्यांनाच. आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आहे, म्हणजे मोलकरणीचा तंटा त्या कायद्यात बसतच नाही. हे एवढं वाक्य ठळक टाईपात छाप.

मुलाखती मालकिणीच्या ओट्याशी उभं राहून घेऊ नकोस, खरं उत्तर मिळणार नाही. वस्तीत जा, दुपारी, सकाळची कामं आटोपून बायका परततात तेव्हा. पाण्याची वेळ असेल तर थांब. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उचल आणि भिशीचं विचार, तेव्हा आकडे ताजे असतात. सुधारलेली प्रश्नावली शनिवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी