मेलेला उंदीर, रॉकेल आणि मरीआईचा दहीभात

चि. मनू,

रात्रपाळीला निघायला अजून तासभर आहे आणि तू गाढ झोपली आहेस. काल जेवताना तू विचारलंस ते मी "नंतर सांगते" म्हणून टाळलं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाच नीट जुळवता येत नव्हतं. तुझा प्रश्न असा होता: सुट्टीत आजीकडे माळ्यावर एकच उंदीर मेलेला सापडला, तर आजीने सगळ्यांना अंगणात का काढलं? केरसुणीने भरून टाकून देण्याऐवजी जाळला का? आणि मंगळवारी गावाबाहेरच्या त्या शेंदराच्या दगडाला दहीभात का ठेवला? आजीला बॅक्टेरिया माहीत नाहीत का?

आधी उंदराचं.

तू माळ्याच्या शिडीवर चढायला लागलीस तेव्हा आजी कशी ओरडली आठवतंय? "हात लावू नगंस! समदी भायेर व्हा!" मग तिने देवळीतून ती निळी बाटली काढली. गावात हल्ली रॉकेल मिळत नाही, पण तिने एक बाटली जपून ठेवलीय, फक्त एवढ्यासाठी. आधी उंदरावर आणि त्याच्या भोवती रॉकेल ओतलं, थोडी थांबली, मगच चिमट्याने उचलून परसात नेऊन जाळला. ते थांबणं महत्त्वाचं आहे. का ते पुढे सांगते.

गेल्या महिन्यात तुमची शाळेची सहल द रॉक्सला, सिडनीच्या त्या जुन्या वस्तीत, गेली होती. तिथला तो फोटो तूच मला दाखवलास: टोप्या घातलेली माणसं, कुत्री, आणि पुढ्यात मेलेल्या उंदरांचा ढीग. तू "ईऽऽ" म्हणालीस. मनू, तो फोटो आणि आजीची निळी बाटली ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

त्या गोष्टीचं नाव प्लेग. तो १८९४ मध्ये हाँगकाँगला पोचला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला, जिथे धान्याची गोदामं होती तिथे, डॉ. अकासिओ व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. काखेत किंवा जांघेत गाठ उठायची, ताप चढायचा आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचा. म्हणून आपल्याकडे 'गाठीचा ताप' म्हणत. तिथून जहाजांतल्या उंदरांबरोबर तो बंदरा-बंदराला फिरला, आणि जानेवारी १९०० मध्ये आपल्या सिडनीत आला. पहिला रुग्ण आर्थर पेन, धक्क्यावरून माल वाहणारा गाडीवान. तो वाचला. पहिला मेला तो थॉमस डडली, शिडं शिवणारा. त्याने आपल्या जागेतले मेलेले उंदीर स्वतः काढले होते. (या डडलीची आणखी एक गोष्ट आहे, पण ती तू सोळा वर्षांची झाल्यावर.)

आता बघ, डडलीजवळ तेव्हा आपली आजी असती तर?

मेलेला उंदीर वाईट का, हे त्या वेळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही पटत नव्हतं. कुणी म्हणे घाण हवा, कुणी म्हणे धान्य, कुणी म्हणे जमीनच विषारी झालीय. १८९८ च्या जूनमध्ये पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्याने एका भांड्यात आजारी उंदीर ठेवला, अंगावर पिसवा असलेला. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा, ठणठणीत. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू जाळीतून उडी मारू शकेल. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांनी जाळीपलीकडचाही प्लेगने गेला. उंदीर जिवंत असतो तोवर पिसवा त्याच्या गरम अंगावर खूश असतात. तो मेला, गार पडला, की त्या उपाशीपोटी दुसरं गरम अंग शोधायला निघतात. तुझा पाय, मांजर, शिडीवर चढणारी मनू. सिमाँला लोक बरीच वर्षं हसले. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, १९०५ नंतर, तेच पुन्हा सिद्ध झालं. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

म्हणून आधी रॉकेल, मग पिसवा मरेपर्यंत थांबणं, मग चिमटा. आजीला सिमाँ माहीत नाही. तिला तिच्या आजीने दाखवलं, एवढंच. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, माळावर खोपी घालून राहायचं, पाऊस पडला तरी महिना-दोन महिने परत फिरायचं नाही. तिची आजी लहानपणी अशी माळावर राहिली होती. आपल्याकडे कितीतरी गावं अशी ओस पडली. घर सोडून जाणं हा त्या काळी सगळ्यात चांगला उपाय होता, आणि तो कुणा साहेबाने शिकवलेला नव्हता.

साहेबांनी केलं ते वेगळं. पुण्यात १८९७ साली सोजीर घराघरांत घुसले, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं, सामान जाळलं. रँड आणि चापेकर बंधूंची गोष्ट तुला रविवारच्या मराठी शाळेत सांगितलीय, म्हणून परत सांगत नाही. त्याच साली सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन हडपसरजवळ यशवंतच्या, म्हणजे त्यांच्या दत्तक मुलाच्या, दवाखान्यात पोचल्या. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मला रँडपेक्षा ही गोष्ट जास्त वेळा आठवते.

सिडनीतही सगळं शहाण्यासारखं झालं नाही. घरं अडवली, माणसांना बोटीने नॉर्थ हेडच्या क्वारंटीनमध्ये नेलं, चिनी वस्तीवर खापर फोडलं. पण इथले मुख्य वैद्यकीय अधिकारी अ‍ॅशबर्टन टॉमसन यांनी उंदीर आणि पिसवांवरच बोट ठेवलं. उंदरामागे सहा पेन्सपर्यंत बक्षीस लावलं, ४४ हजारांहून जास्त उंदीर मारले आणि जाळले. ऑगस्टपर्यंत ३०३ जणांना प्लेग झाला, १०३ गेले. भारतात पुढच्या वीसेक वर्षांत गेलेल्यांचा आकडा कोटीच्या वर आहे. आणि सिडनीत लोकांनी रांगा लावून टोचून घेतली ती हाफकिन या शास्त्रज्ञाची लस. ती त्याने मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचली.

आता दहीभात. मरीआई ही पटकीची, गाठीच्या तापाची, सगळ्या साथींची देवी. ताप म्हणजे तिचा राग, म्हणून तिला गार खायला द्यायचं: दहीभात, सोबत कडुलिंबाचा पाला. आणि तिचं ठाणं शिवेवर, कारण तिने खाऊन पलीकडे जावं. काही गावांत मरीआईचा गाडा काढतात, तो शिवेपर्यंत नेऊन सोडतात, पुढे पलीकडच्या गावाने न्यायचा. त्यावरून दोन गावांची भांडणंही होतात. जहाजांनी तरी काय केलं? एका बंदराचा गाडा दुसऱ्या बंदराच्या शिवेवर आणून सोडला.

दहीभाताने प्लेग जातो असं मला वाटतं का? नाही. आजीला वाटतं का, हे मी कधी विचारलं नाही. १९९४ साली सुरतेला प्लेगची साथ आली तेव्हा मी तुझ्याएवढी होते. सुरतेहून माणसं परत येत होती, गावात सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. आजीने आम्हा पोरांना डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, माळा झाडून घेतला, रॉकेल भरून ठेवलं आणि संध्याकाळी शिवेवर दहीभातही नेला. काही शिल्लक ठेवलं नाही तिने.

रविवारी तिला फोन कर आणि तिच्या आजीच्या खोपीबद्दल विचार. कुडाला पळसाची पानं कशी लावायची तिथपासून सुरू करेल, मध्ये तोडू नकोस.

फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात दहीभात आहे, वर डाळिंबाचे दाणे घातलेत. तो तुझ्यासाठीच आहे. सगळा संपव.

तुझी,
आई