कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात मावळत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव. त्यात किरणं कधीकधी अंबाबाईच्या चेहऱ्यापर्यंत का पोहोचत नाहीत?

मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचं ऊन महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतं. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी किरणं आडवी होत मूर्तीवर वर चढतात: आधी चरण, मग कंबर, शेवटी मुख. म्हणजे चेहऱ्याची वेळ नेमकी सूर्य क्षितिजाला टेकतानाची, अगदी शेवटची काही मिनिटं. तेव्हा पश्चिमेला ढग, धुकं, धूळ असली की किरणांचा जोरच जातो. मार्गात एखादी इमारत, फलक आला तरी तेच. म्हणून हा मार्ग मोकळा ठेवणं हे मंदिराचं दगडी काम जपण्याइतकंच महत्त्वाचं.

किरणोत्सव नोव्हेंबरात ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, असा वर्षातून दोनदा का? २२ डिसेंबरच्या आसपासच्या दक्षिणायनान्तापासून, म्हणजे सूर्य सर्वात दक्षिणेला असतो त्या दिवसापासून, दोन्ही काळ जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो.