वाचक विचारतात : नोंद माहेरी, चकरा सासरी

अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की शाळांच्या ॲडमिशन सुरू होतात आणि आमच्याकडे जन्मदाखल्याची पत्रं सुरू होतात, दरवर्षीचं आहे हे. यंदा जरा जास्तच आलीत म्हणून पूर्ण पान त्यालाच दिलंय. सारख्या अडचणी एकत्र केल्यात. नावं कोणाचीच छापत नाही, गावंसुद्धा मुद्दाम मोघम ठेवलीत.

प्रश्न : दादा, माझं सासर अमळनेर तालुक्यात आणि माहेर साक्री तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं, तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात. मुलगी आता सहाव्या वर्षात आहे, शाळेत दाखला मागताहेत. इथल्या ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणे आमच्याकडे नोंद नाही, मग भाऊ माहेरच्या ग्रामपंचायतीत जाऊन आला तर तिथंही रजिस्टरमध्ये नाव नाही. दवाखान्यातून एक कागद मिळाला होता त्यावर मुलीचं नावच नाहीये, नुसतं ‘स्त्री’ लिहिलंय आणि मिस्टरांचं नाव पण चुकलंय. आता काय करू?

उत्तर : ताई, घाबरू नका, नोंद बहुतेक झालेली आहे, तुम्ही फक्त तिला चुकीच्या दोन ठिकाणी शोधलंत. जन्माची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तसंच आहे. आपल्या खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे निम्म्या पोरांचा दाखला आजोळच्या तालुक्यात अडकलेला असतो आणि बाप मात्र सासरच्या ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकाशी भांडत बसतो. त्यात अजून एक मेख आहे जी तुमच्या भावाच्या लक्षात आली नसणार, आरोग्य केंद्र माहेरच्या गावात नसून शेजारच्या गावात असेल तर नोंद त्या शेजारच्या गावची. तुमच्या आईवडिलांचं घर कुठे आहे याला तिथे काही किंमत नाही. म्हणून आधी आरोग्य केंद्रातच जा, तिथे विचारा की त्या वर्षीच्या बाळंतपणांची माहिती कुठल्या रजिस्टरला चढवली, बऱ्याच सरकारी दवाखान्यांत नोंद आणि दाखला दोन्ही तिथूनच होतं, नसेल होत तर कुठल्या ग्रामपंचायतीला पाठवलं ते तिथली नर्सबाई सांगेल. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचं ते माता-बाल कार्ड घेऊन जा, त्यावर तारीख असते, आणि तारीख पक्की असली की रजिस्टरमध्ये नोंद सापडायला वेळ लागत नाही. नुसतं ‘पावसाळ्यात झाली होती’ म्हणाल तर समोरचा माणूस कंटाळून ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

आता नावाचं. बाळाचं नाव न लिहिता नोंद होणं ही काही चूक नाही, कायद्यातच तशी सोय आहे, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद करायची असते. नाव नंतर टाकता येतं, पहिल्या वर्षात फी न भरता आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत थोडी लेट फी भरून. तुमची मुलगी सहा वर्षांचीसुद्धा नाही, म्हणजे तुम्ही आरामात मुदतीत आहात. आईवडिलांचा अर्ज, दोघांचे आधार, बास. पण एक करा, अर्ज लिहायच्या आधी घरात नाव पक्कं ठरवा. आजी एक नाव घेते, आत्या दुसरं, शाळेत तिसरंच घालायचं ठरतं, आणि एकदा रजिस्टरला चढलेलं नाव ‘आवडलं नाही’ म्हणून बदलून मिळत नाही.

मिस्टरांच्या नावातली चूक दुरुस्त होते, कलम 15 खाली. मूळ नोंद कोणी खोडत नाही, खोडायचीच नसते, बाजूच्या समासात दुरुस्ती लिहून तिथे सही आणि तारीख घालतात. एखादं अक्षर चुकलं असेल तर आधार वगैरे पुराव्यावर काम होतं. पण नावच भलतं असेल तर तुमच्या लेखी निवेदनासोबत घटना माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांची निवेदनं पण लागतात. नाव घालणं आणि दुरुस्ती दोन्हीचे अर्ज एकाच दिवशी द्या म्हणजे साक्रीला पुन्हा जायला नको. आणि प्रिंट हातात आली की खुर्चीवरून उठायच्या आधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग वाचा, मराठी बरोबर आणि इंग्रजी चुकलेलं हा प्रकार फार आहे, पुढे पासपोर्टच्या वेळी तेच इंग्रजी नडतं.

प्रश्न : आमचं गाव हजारभर वस्तीचं. ग्रामसेवकाकडे अजून गावांचा चार्ज आहे, तो कधी येतो कधी जातो कळत नाही. शिपाई म्हणतो ‘भाऊसाहेब मीटिंगला गेलेत’. नोंद रजिस्टरला आहे हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय तरी दाखला मिळत नाही.

उत्तर : मीटिंग खरीच असते हो पुष्कळदा, एका माणसाच्या गळ्यात तीन-तीन गावं टाकली की तो तरी कुठे कुठे पुरणार. 2024 साली या पदाचं नाव बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं, चार्ज तेवढाच राहिला. पण तुमचं काम थांबायचं त्यात कारण नाही. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, बाळाची जन्मतारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं, रजिस्टरचा नोंद क्रमांक दिसला असेल तर तोही, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पोच घेताना संकोच वाटतो आपल्या लोकांना, रोजच्या ओळखीचा माणूस, वाईट वाटेल म्हणून. वाटू द्या थोडं. जन्माचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 2015 खालची सेवा आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा, फी किती आणि दिला नाही तर अपील कोणाकडे हे सगळं लिहिलेला फलक ग्रामपंचायतीत लावलेला असायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो कपाटामागे गेलेला असतो, शोधा. मुदत टळली की पंचायत समितीत अपील करायचं. पोच नसेल तर तिथे तुमच्या बोलण्याला काही आधार नाही, म्हणून पोचेवर एवढा जोर देतोय.

तो येतो कधी हे मात्र गावातच कळेल. बाजाराच्या दिवशी गाठ पडायचा चान्स जास्त, आणि पंचायत समितीची साप्ताहिक मीटिंग कुठल्या वारी असते ते एकदा विचारून ठेवा म्हणजे तो वार सोडून जाल.

प्रश्न : मुलाचा जन्म 1996 चा, सुरतला उधना भागात. तेव्हा आम्ही तिकडेच मिलमध्ये होतो, आता धुळ्याला आहोत. धुळ्यात दाखला निघेल का?

उत्तर : नाही निघणार. नोंद सुरत महानगरपालिकेकडे, दाखलाही तिथूनच. तुमचं कोणी ना कोणी अजून लिंबायत-उधन्याला असेलच, जन्मतारीख आणि दवाखान्याचं नाव देऊन आधी त्यांना चौकशी करायला लावा. जुना दाखला गुजरातीत असू शकतो. आणि कोणी एजंट ‘इकडूनच नवीन काढून देतो’ म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, जन्म सुरतचा आणि दाखला धुळ्याचा असला कागद सरळ सरळ खोटा ठरतो.

प्रश्न : वडिलांचा जन्म 1958 चा, एरंडोल तालुक्यातला (आता आमचं गाव धरणगाव तालुक्यात येतं). धाकटा भाऊ दुबईला असतो, त्यांना तिकडे न्यायचंय, पासपोर्ट काढायचा आहे. ग्रामपंचायतीत 1970 च्या आधीचं काही नाहीच म्हणतात. ‘आठे काहीच नही शे’ एवढं बोलून पाठवलं.

उत्तर : भाऊ, आधी मला सांगा, हा दाखला तुमच्याकडे मागितला कोणी? पासपोर्टसाठी जन्मदाखलाच पाहिजे ही सक्ती 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. वडिलांच्या वयाच्या माणसाला शाळा सोडल्याचा दाखला चालतो, पॅन कार्ड चालतं, पेन्शनर असतील तर पेन्शनचे कागद चालतात. त्यात तारीख 1 जून असेल तर हसू नका, त्या पिढीत गुरुजींनी निम्म्या वर्गाला 1 जूनलाच जन्माला घातलंय. सगळ्या कागदांवर तीच एक तारीख असली म्हणजे झालं. खरी तारीख शोधायच्या भानगडीत पडलात आणि ती वेगळी निघाली तर आधार, पॅन, बँक सगळं बदलत बसावं लागेल, त्यापेक्षा आहे ते राहू द्या.

तरीपण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडे नोंदणीचा आत्ताचा कायदा 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला, म्हणून ग्रामपंचायतीत त्याआधीचं नाही म्हणतात. पण त्याआधी गावात जन्म-मृत्यू लिहिले जात नव्हते असं नाही. गाव नमुना 14, लोकांच्या भाषेत कोतवाल बुक, त्यात लिहिले जायचे. ही दप्तरं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. 2023 मध्ये शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधल्या तेव्हा हीच बुकं बाहेर निघाली, पुष्कळशी स्कॅनही झालीत, काही जिल्ह्यांनी वेबसाइटवर टाकलीत. तुमच्या बाबतीत लक्षात ठेवायचं म्हणजे धरणगाव तालुका 1999 ला एरंडोलमधून वेगळा झाला, तेव्हा जुनं दप्तर एरंडोललाही पडलेलं असू शकतं, दोन्हीकडे अर्ज करा. हेच बोदवडवाल्यांना भुसावळचं आणि नंदुरबारवाल्यांना धुळ्याचं, नंदुरबार जिल्हाच मुळी 1 जुलै 1998 चा.

फक्त अपेक्षा बेताची ठेवा. त्या नोंदीत बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतं, अमुक वल्द तमुक यास मुलगा झाला, जात ही, तारीख ही, एवढंच. चार भाऊ असतील तर ही ओळ कोणाची हे तुम्हालाच जुळवावं लागेल, फार जुनी पानं मोडी लिपीत असतील तर वाचणारा शोधावा लागेल. जातीच्या दाखल्याला ही ओळ सोन्यासारखी, पासपोर्टला तिची गरज नाही.

प्रश्न : आम्ही धडगावकडचे. बायकोला पाड्यावरून दवाखान्यात नेताना जीपमध्येच मुलगा झाला, घरी परत आलो. आता तो चार वर्षांचा, नोंद कुठेच नाही. तहसीलला गेलो तर ‘आता बंद आहे’ म्हणाले.

उत्तर : वाटेत, गाडीत जन्म झाला तर गाडी पुढे जिथे पहिल्यांदा थांबते तिथे नोंद करायची असा नियम आहे, आणि ते सांगायची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. आता सातपुड्याच्या घाटातल्या जीपवाल्याला हे कोण सांगणार. तर नोंद राहिली, ठीक आहे, पुढचं बघू.

जन्म झाल्यापासून 21 दिवसांत कळवलं तर काही लागत नाही, पहिली प्रतही फुकट. 30 दिवसांपर्यंत लेट फी. 30 दिवस ते एक वर्ष असेल तर जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी, हे काम जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात चालतं. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं, 2023 च्या दुरुस्तीनंतर ते महसूलकडे आलं. मग बनावट दाखल्यांच्या तक्रारी झाल्या आणि जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने ही उशिराची प्रकरणं थांबवली, तुम्हाला ‘बंद’ म्हणाले ते त्यातलं. पण मार्च 2025 मध्ये नवी कार्यपद्धत आली, तपासणी कडक झाली, पोलिसांचा अहवाल मागवतात, खोटं निघालं तर गुन्हा. म्हणजे कडक आहे, कायमचं बंद नाही. पुन्हा जा आणि ‘बंद आहे’ हे उत्तर लेखी मागा.

जायच्या आधी दोन गोष्टी गोळा करा. पहिली, ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला, नमुना 10, हा न घेता पुढे कोणीच ऐकत नाही. दुसरी, मूल त्या काळात खरंच जन्मलं याचा तेव्हाचा कागद. आशाताईच्या वहीत असेल, अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरमध्ये असेल, पहिली लस कधी टोचली ते असेल. आत्ता बनवलेलं ॲफिडेव्हिट म्हणजे तुमचंच म्हणणं स्टॅम्पपेपरवर. अंगणवाडीतली चार वर्षांपूर्वीची ओळ त्यापेक्षा कितीतरी भारी.

ऊसतोडीला गेलेल्यांनी पण हे वाचावं. खोपीवर मूल झालं, मग ते बारडोलीकडे असो की अजून कुठे, तर नोंद तिथल्याच गावात, आणि ती गाव सोडायच्या आधी करा. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मुकादम फोन उचलत नाही हे मी तुम्हाला काय सांगायचं.

प्रश्न : गावातल्या एकाने मोबाईलवरून पाचशे रुपयांत जन्मदाखला काढून दिला, क्यूआर कोडपण आहे. चालेल ना?

उत्तर : कोड स्कॅन करून बघा, आणि उघडणारा पत्ता नीट वाचा. सरकारी साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो, मध्ये कुठेतरी सीआरएस (जन्म-मृत्यू नोंदणीची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, तसल्या नकली साइट खूप निघाल्यात. तुमच्या दाखल्यावरचा नोंद क्रमांक ज्या ग्रामपंचायतीचा दाखवलाय तिथे जाऊन रजिस्टरशी ताडून घ्या. तिथे ती ओळ नसेल तर तो कागद शाळेत देऊ नका, आणि पैसे दिले त्याचा पुरावा असेल तर जपून ठेवा, पोलिसांत तक्रार करताना लागेल.