आधी वजनकाटा, मग वर्कशॉप

प्रश्न: माझी मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) साडेसात मीटरची आहे. सरळ रस्त्यावरही ती एका रेषेत चालत नाही, स्टिअरिंग सतत सावरत राहावं लागतं. स्टिअरिंग डॅम्पर बसवून पाहिला, काहीच फरक नाही. आता काय बदलू?

उत्तर: तूर्तास काहीही बदलू नका. आधी गाडी वजनकाट्यावर न्या, तीही प्रवासाला निघता तशीच: पाणी, गॅस, भांडीकुंडी, माणसं, सगळ्यासकट. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन, म्हणजे पुढच्या चाकांवरचा आणि मागच्या चाकांवरचा भार, वेगवेगळं घ्या. चारही चाकांचं स्वतंत्र वजन मिळालं तर उत्तमच. नुसत्या एकूण आकड्यावर समाधान मानू नका, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड असू शकतो.

मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे गेलेला असतो आणि जड सामान आपण नेमकं तिथेच कोंबतो. समजा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ४ मीटर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या २ मीटर मागे तुम्ही २०० किलो ठेवलेत. मागच्या अ‍ॅक्सलवर २०० नव्हे, ३०० किलो वाढतात. जास्तीचे १०० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. सायकलींचं कॅरिअर आणि मागची डिकी भरली की हे गणित आपोआप जुळून येतं. पुढची चाकं अशी हलकी झाली की त्यांची पकड कमी होते. मग डॅम्पर काय करणार? त्याचं काम स्टिअरिंगला बसणारे धक्के आणि थरथर दाबण्याचं. गाडीला दिशा तो देत नाही.

म्हणून जड वस्तू दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आणि तळाशी ठेवा, वरच्या कपाटांत फक्त हलकं सामान. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. एक लिटर म्हणजे एक किलो. टाकी मागच्या चाकांच्याही मागे असेल तर लागेल तेवढंच पाणी घेऊन निघा.

एवढं झाल्यावर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (हे चाकं आणि स्टिअरिंगचे सांधे) आणि बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) यांत ढिलेपणा आहे का ते तपासून घ्या. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी, आणि तेही भरलेल्या गाडीचं. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट सामान भरल्यावर बदलतं. पुढची चाकं जराशी बाहेर फाकलेली असली तरी गाडी भटकते. सांधे ढिले असताना केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

प्रश्न: टायरवर लिहिलेली हवा भरतो, तरी गाडी फार आदळते. मऊ पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) टाकून घेऊ का?

उत्तर: पाट्यांना हात लावू नका. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा त्या टायरच्या कमाल भाराशी जोडलेला असतो. तुमच्या चाकावर तेवढा भार नसेल तर टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक खळगा थेट आत पोचतो. किती भाराला किती हवा, याचा तक्ता टायर कंपनी देते. तुमच्या अ‍ॅक्सलचं वजन त्यात शोधा. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर जड बाजूचा आकडा धरा आणि त्या अ‍ॅक्सलच्या सगळ्या टायरांत तीच हवा ठेवा. मागे जोडचाकं (एका बाजूला दोन-दोन चाकं) असतील तर तक्त्यातला जोडचाकांचाच रकाना बघा. एकट्या चाकाचा आणि जोडचाकाचा आकडा वेगळा असतो.

हवा टायर थंड असताना तपासा. चालून गरम झाल्यावर दाब वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडू नका. मात्र आराम मिळावा म्हणून तक्त्याच्या खालीही जाऊ नका. कमी हवेवर जड गाडी पळवली की टायर आतून तापतो आणि फुटतो.

प्रश्न: शेजारून मोठा ट्रक गेला की आधी मागचा भाग ढकलला जातो, मग अख्खी गाडी हलते. अँटी-रोल बार बसवल्यावर थांबेल?

उत्तर: मागून येणारा ट्रक हवा पुढे लोटत येतो. ती आधी तुमच्या मागच्या कोपऱ्यावर आदळते, मागचा भाग बाहेर जातो आणि नाक ट्रककडे वळतं. ही आडवी हालचाल आहे. अँटी-रोल बार वळणावरचं कलणं रोखतो, ते दुखणं वेगळं. पाट्यांच्या गाडीत बुश झिजले की मागचा अ‍ॅक्सल बॉडीखाली आडवा सरकतो. आधी ते बुश बदला. तरी त्रास राहिला तर अ‍ॅक्सल चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) आडवा बांधणारा पॅनहार्ड रॉड हा खरा इलाज.

बार हवाच असेल तर गरजेपेक्षा कडक घेऊ नका. तो दोन्ही चाकं एकमेकांशी जोडतो, त्यामुळे एका चाकाचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही जाणवतो आणि खराब रस्त्यावर आतली माणसं डावी-उजवीकडे हेलकावत राहतात.

प्रश्न: मागे एअर बेलो (स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवले की जास्त सामान नेता येईल ना?

उत्तर: नाही. हा गैरसमज धोक्याचा आहे. मर्यादा अ‍ॅक्सल, ब्रेक, रिम आणि टायर यांची असते. बेलो यांपैकी काहीच बदलत नाहीत. बसलेली गाडी ते उचलून धरतात, एका बाजूला कललेली समतल करतात, एवढंच. डाव्या-उजव्या बेलोच्या हवेच्या नळ्या वेगळ्या ठेवायला सांगा. त्या जोडल्या तर वळणावर हवा एकातून दुसऱ्यात जाते आणि गाडी उलट जास्त कलते.

प्रश्न: शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत नाहीत, म्हणजे चांगलेच असतील ना?

उत्तर: तसं काही नाही, आतले व्हॉल्व्ह झिजले तरी बाहेर तेल दिसत नाही. कोपरा दाबून बघण्याची कारची युक्ती काही टनांच्या गाडीवर चालत नाही. रस्त्यावरच पारखा: खोलगट भागावरून गेल्यावर गाडी एकदा वर-खाली होऊन स्थिरावली पाहिजे. डोलत राहिली तर बदला, आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदमच.