बॅनरवरचा पाहुणा आणि आमच्या घरातला कापूस

प्रश्न असा आहे की, एखाद्या व्यावसायिक खेळाडूला तुम्ही प्रत्यक्ष भेटलात का, आणि भेटलात तर तो माणूस म्हणून कसा निघाला?

भेटलो. म्हणजे तो आमच्याच घरी दोन रात्री मुक्कामाला होता. विमानतळावर कुणी दिसला, पळत जाऊन सही घेतली, असलं माझ्याकडे काही नाही. आमच्या गावात दिवसातून दोनदा एसटी येते, तीही आली तर.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढं. गोष्ट जानेवारी २०२३ ची. दरवर्षी २६ जानेवारीच्या आगेमागे गावात कबड्डीचे खुले सामने होतात. मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, चार हॅलोजन आणि तीन रात्रींत घसा बसलेला निवेदक. त्या वर्षी मंडळाच्या पोट्ट्यांनी जोर केला आणि थेट पश्चिम महाराष्ट्रातून एक संघ बोलावला. त्यातला एक जण नुकताच प्रो कबड्डी खेळून आलेला. झालं, फाट्यापासून शाळेपर्यंत त्याचेच बॅनर.

नाव लिहीत नाही. त्याला न विचारता लिहिणं बरं नाही, आणि लिहिलं तरी तुमच्यापैकी फार जण ओळखणार नाहीत. प्रो कबड्डी म्हटलं की सगळ्यांना लिलावाचे मोठे आकडे आठवतात. २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाज संघानं पवन सेहरावत या खेळाडूला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. त्याच लिलावात सगळ्यात खालच्या, म्हणजे डी गटाची मूळ किंमत ६ लाख होती. आमचा पाहुणा त्या टोकाचा. मॅटवर सात जण उतरतात, पाच बाहेर बसतात. हा बहुतेक वेळा त्या पाचांतला. पण आमच्या गावासाठी तो टीव्हीवर दिसलेला माणूस होता आणि तेवढं पुरेसं होतं.

बाहेरच्या संघांची सोय शाळेत असते. त्या वर्षी संघ जास्त झाले, खोल्या कमी पडल्या, म्हणून पाहुणे घरोघरी वाटले. आमच्या वाट्याला तिघं आले, त्यात हा. आता आमच्या घराची तेव्हाची अवस्था सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आदल्या वर्षी कापसानं क्विंटलला १०,००० च्या वर भाव खाल्ला होता. त्यामुळे त्या साली सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला, आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत. बाजारात तेव्हा ८,००० च्या आसपास चाललं होतं. आमच्या समोरच्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत कापूस. टीव्ही कापसाच्या मागं गेला होता, आवाज फक्त यायचा.

आईला बॅनर वगैरे काही माहीत नव्हतं. तिघं आल्या आल्या तिनं ह्यालाच हेरलं, सगळ्यात धिप्पाड म्हणून. “अरे बापा, तेवढा पान्याचा गुंड उचलून दे नं आत.” गुंड म्हणजे आमच्याकडे पाण्याचं मोठं भांडं. त्यानं चपला काढल्या आणि गुंड उचलला. मी धावलो तर डोळ्यांनीच थांबवलं मला.

रात्री तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकर. बाबांनी नेहमीप्रमाणे सरळ विचारलं, किती मिळतात खेळायचे? त्यानंही सरळ सांगितलं. वडिलांचा तीन एकर ऊस आहे, आपले पैसे अजून घराच्या कर्जात जातात, हेही सांगितलं. मग पवनचं सांगितलं, एवढी बोली लागली आणि मोसमाच्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याला लागून बाहेर गेला. कापसाच्या पिकाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. बाबा घास थांबवून म्हणाले, “म्हंजे आमच्या पऱ्हाटीसारखंच हाय तुमचंबी.”

झोपायला जागा एकच, कापसाची खोली. त्यावर सतरंजी टाकून तिघं झोपले. महिनोन्‌महिने साठवलेल्या कापसात झोपलं की अंगाला खाज सुटते, आम्हाला ते माहीत आहे. सकाळी त्याच्या दोन्ही हातांवर लाल चट्टे होते. आईनं विचारलं तर म्हणाला, “डास असतील काकू.” जानेवारीतल्या त्या थंडीत डास!

धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत, गावच्या बी टीमचा लेफ्ट कॉर्नर, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहणारा. पाहुणाही लेफ्ट कॉर्नर. भावानं रात्रभर हिंमत गोळा केली असावी, कारण चहा झाल्याबरोबर त्यानं विचारून टाकलं, “भाऊ, अँकल होल्ड दाखवता का?” म्हणजे चढाईला आलेल्याचा घोटा धरायची पकड.

त्यानं आधी भावाला नुसतं बसायला सांगितलं, रेडर, म्हणजे चढाई करणारा, बोनसच्या जादा गुणासाठी पाय टाकतोय असं समजून. एकदाच पाहिलं आणि म्हणाला, “तू झेप घेत नाहीस. गुडघा टेकवून हात पुढं करतोस. पडायची भीती वाटते ना?” खरं होतं. आमची काळी माती जानेवारीत दगडासारखी होते, झेप घेतली की कोपराचं सालटं निघालंच म्हणून समजा. अंगणात तर फरशी. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याची नजर कापसावर गेली. आमचीपण गेली.

पुढचा अर्धा तास मी रेडर होतो. कापसाच्या कडेला उभं राहायचं, एक पाय लांब टाकायचा, आणि भावानं त्यावर उडी घ्यायची. तो बाजूला उकिडवा बसून एकेक गोष्ट दुरुस्त करत होता. तोंडाकडे बघू नको, कंबर बघ. अंगाचा भार असलेला पाय सोड, पुढं टाकलेला धर. डोकं त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेव, नाही तर गुडघा थेट नाकावर बसेल. बोटं बोटांत अडकवू नको, मोडतील. एका हातानं दुसरं मनगट धर. आणि धरलास की जागच्या जागी लोंबकळू नको, घोटा उचलून स्वतःकडे ओढ. दहाव्या-बाराव्या वेळी भावानं मला असा आडवा केला की मी कमरेपर्यंत कापसात गेलो. तिघंही लहान पोरांसारखे हसत होतो.

तेवढ्यात दुधाची कॅन घेऊन बाबा दारात.

“काय करून रायले बे तुम्ही? गादी समजले काय त्याले?”

शेतकऱ्याच्या घरात कापसावर चपलेचा पायसुद्धा पडू देत नाहीत. माल पांढरा आणि स्वच्छ असला तर भाव, वाळलेली पत्ती आणि कचरा दिसला की व्यापारी लगेच चिमटीत धरून दाखवतो. आम्ही तर वरचा चांगला थर तुडवून अंगणातली धूळ आणि पाचोळा त्यात कालवला होता. मी बाबांच्या कानात म्हटलं, ते बॅनरवालेच आहेत. बाबा मोठ्यानं म्हणाले, “बॅनरवर असू दे नाई तं तहसीलात, कापूस माया हाय.”

मला जमिनीनं गिळावं असं झालं. तो मात्र पुढं आला. “काका, चूक माझी. पोरांना मीच म्हणालो.” आणि मांडी घालून बसला. वरचा थर हातात घ्यायचा, बोंडाबोंडातून पत्ती वेचायची, स्वच्छ झालेला एका बाजूला टाकायचा. त्याच्याकडे ऊस, कापूस त्यानं आयुष्यात वेचला नसेल. पहिली दहा मिनिटं आई नुसती पाहत होती, मग तिनंच शेजारी बसून दाखवलं, असं नाही, असं, चिमटीत.

साडेनऊला मंडळाची पोरं त्याला न्यायला आली. सत्कार होता, हार आणून ठेवले होते. मागोमाग गावातली वीस-पंचवीस पोरं मोबाइल काढून. त्यानं मान वर न करता विचारलं, “सेल्फी पाहिजे का?” हो म्हणताच सगळ्यांना आत बसवलं. प्रत्येकानं एक टोपलं कापूस निवडायचा, मग फोटो. मंडळाचा अध्यक्षसुद्धा सुटला नाही, पांढऱ्या शर्टात बसला बिचारा. कुणी हयगय केली की पाहुणा टोपल्यातून पत्ती उचलून त्याच्यासमोर धरायचा, हुबेहूब व्यापाऱ्यासारखी. अकराच्या आत सगळं निवडून झालं आणि सत्कार तासभर उशिरा सुरू झाला. बाबा ओसरीवर बसून हे पाहत होते, बोलले काही नाही. मधे एकदा उठले आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितला. आमच्या बाबांच्या हिशेबात ती माफी.

सामन्यांचं थोडक्यात. भावाची बी टीम पहिल्याच फेरीत गेली. भावानं एकदा खरोखर झेप घेतली, घोटा हातात आला, पण रेडर त्याला तसाच फरफटत मधल्या रेषेपार घेऊन गेला. कोपर सोललं. पाहुण्यानं बाहेर येऊन त्यावर पाणी ओतलं आणि एवढंच म्हणाला, “धरलास ना? आता ओढायचं बाकी राहिलं.” त्यांचा संघ उपांत्य फेरीत हरला. शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्या पोटरीत गोळा आला होता, तरी बदली घेतली नाही. घ्यायला हवी होती असं माझं मत आहे.

जाताना आईनं तीन किलो तुरीची डाळ बांधून दिली. नको-नको न करता घेतली, हे मला आवडलं. पाहुण्यानं उगाच आढेवेढे घेतले की देणाऱ्याची पंचाईत होते.

कापूस आम्ही शेवटी मे महिन्यात विकला, ७,२०० नं. दहा हजाराची वाट पाहणाऱ्या सगळ्यांचं तेच झालं. व्यापाऱ्यानं नेहमीप्रमाणे मूठभर उचलून पाहिला आणि पत्ती जास्त आहे म्हणत क्विंटलमागं शंभर रुपये कापले. त्याच आठवड्यात पाहुण्याचा फोन आला. आधी भावाशी बोलला, मग म्हणाला काकांना द्या.

“काका, कापूस गेला का?”

“गेला नं.”

“आमच्यामुळं काही कापलं नाही ना?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पावती माझ्याच हातात होती.

“नाई बापा. लय साफ माल हाय म्हने, कोनं निवडला?”