रिफर्बिश्ड सन अल्ट्रा १० चा सिरियल नंबर कुठेच सापडत नाही, कमांडने काढता येतो का?

आधी सरळ उत्तर देतो. कॅबिनेटचा सिरियल नंबर या मशीनमधून, म्हणजे सन कंपनीच्या या जुन्या वर्कस्टेशनमधून, कमांडने निघत नाही, कारण कारखान्यातून येताना तो मशीनच्या आत कुठे लिहिलेलाच नसतो. लायसन्सला जो नंबर लागतो तो मात्र निघतो, आणि तुम्हाला जास्त गरज त्याचीच आहे.

तुम्ही लिहिलंय की जुनं अल्ट्रा १० बंद पडलं म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका व्यापाऱ्याकडून हे दुसरं घेतलं. मागचं स्टिकर खरवडलेलं आहे, बिलावर सिरियल नंबरच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) नंबर दिल्याशिवाय कोटेशन देत नाही आणि जुन्या कॅड पॅकेजचं लायसन्सही याच मशीनवर उठवायचंय. शेवटी विचारलंय, ‘मशीन चालू होताना स्क्रीनवर एक सिरियल नंबर दिसतो, तोच दिला तर चालेल का?’ नाही चालणार. माझी निम्मी नोकरी महापे आणि रबाळे एमआयडीसीत असल्या मशीनांची देखभाल करण्यात गेली, आणि एएमसीच्या फॉर्मवर हाच नंबर लिहिलेला मी अनेकदा पाहिलाय.

एक सूचना: कमांड मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरा, अक्षरांमधल्या आडव्या रेघा गाळा, आणि ‘वजा’ म्हणजे हायफन.

स्क्रीनवरचा नंबर येतो कुठून ते बघू. मशीन चालू केलं की ओपनबूटचा (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा) बॅनर येतो. त्यात मॉडेल, प्रोसेसर, मेमरी, मग सिरियल नंबर, इथरनेट ॲड्रेस (नेटवर्कसाठीचा नंबर) आणि होस्टआयडी (लायसन्स ज्याला बांधलेलं असतं तो नंबर). समजा तिथे सिरियल नंबर ९६५०५१९ आहे, इथरनेट ॲड्रेस ८:०:२०:९३:४१:५७ आणि होस्टआयडी ८०९३४१५७ (आकडे मी बनवलेत, रचना खरी आहे). होस्टआयडीतले पहिले ८० म्हणजे मशीनचा प्रकार, अल्ट्रा घराण्याचा. उरलेले ९३४१५७ हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे अंक आहेत. कॅल्क्युलेटरवर ते दशमानात करून बघा, बरोबर ९६५०५१९ येतात. म्हणजे बॅनरमधला सिरियल नंबर आणि होस्टआयडी ही एकच गोष्ट, दोन पद्धतींनी छापलेली. इथरनेट ॲड्रेसचे शेवटचे तीन बाइटही साधारणपणे तेच असतात. कॅबिनेटवरच्या स्टिकरचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

सोलारिस (सनची ऑपरेटिंग सिस्टिम) चालू असेल तर होस्टआयडी ही एका शब्दाची कमांड पुरते. सगळं मुळातून बघायचं असेल तर पी-आर-टी-कॉन्फ, पुढे वजा पीव्ही, आणि निकालात आयडीप्रॉमची (मशीनच्या ओळखीच्या बाइटांची) ओळ शोधा. वरच्या उदाहरणात ती ०१८००८००.२०९३४१५७.००००००००.९३४१५७ए९ अशी दिसेल. पहिला बाइट फॉरमॅट, दुसरा मशीनचा प्रकार, मग सहा बाइट इथरनेट ॲड्रेस, चार बाइट तारीख (माझ्या उदाहरणात शून्य), तीन बाइट तो ‘सिरियल’ आणि शेवटचा ए९ हा आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सऑर (बिटांची एक क्रिया) करून आलेला चेकसम, म्हणजे पडताळणीचा बाइट. मशीनची ओळख म्हणून जे काही आहे ते या सोळा बाइटांत मावलंय. बघा, यात कॅबिनेटच्या नंबरला जागाच नाही. पी-आर-टी-डायग ही हार्डवेअरची माहिती देणारी कमांडही या मॉडेलवर तो देत नाही.

हे सोळा बाइट राहतात मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये. झाकण काढून टॉर्च मारलात तर बाकीच्या चपट्या चिपांमध्ये एक उंच, डोक्यावर काळा ठोकळा चढवल्यासारखी चिप सॉकेटमध्ये बसलेली दिसेल. नंबर एम ४८ टी ५९ वाय. आठ किलोबाइट मेमरी, घड्याळ आणि डोक्यावरच्या ठोकळ्यात लिथियमची बॅटरी, सगळं एकाच पॅकिंगमध्ये. तिच्यावर बहुधा बारकोडचं लहान स्टिकर असतं, आणि बऱ्याच चिपांवर त्यात छापलेले हेक्स अंक म्हणजे होस्टआयडीचाच शेवटचा भाग. त्याचा फोटो आत्ताच काढून ठेवा. आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत ती शाई धड राहत नाही, खाडीच्या बाजूला तर नाहीच.

चिप सॉकेटमध्ये असते यालाही कारण आहे. मदरबोर्ड बदलायची वेळ आली की सनचा इंजिनिअर जुन्या बोर्डावरची चिप काढून नव्यावर बसवायचा, म्हणजे होस्टआयडी तोच राहायचा आणि ग्राहकाची लायसन्सं मोडायची नाहीत. रिफर्बिश्ड मशीनच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट उलटी पडते. तीन बंद मशीनांतून एक चालू मशीन उभं केलेलं असतं. कॅबिनेट एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा, चिप तिसऱ्याची. तेव्हा व्यापाऱ्याने उद्या कुठून तरी स्टिकर शोधून आणून दिलं, तरी ते फक्त पत्र्याच्या डब्याचं असेल.

आता लायसन्स. तुमचं जुनं मशीनही अल्ट्रा १० च होतं, म्हणजे तुमची चिप अजून त्याच्या बोर्डावर असणार. पॉवर सप्लाय गेला म्हणून चिप जात नाही. जुनं मशीन भंगारात दिलं नसेल तर देऊ नका. दोन्ही मशीनांच्या वायरी काढा, अंगातली स्टॅटिक घालवा, चिप दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलत सरळ वर काढा आणि खाचेची बाजू तीच ठेवून नव्या बोर्डात बसवा. होस्टआयडी जुना येईल. कॅडवाल्यांच्या करारात मशीन बदलायला परवानगी आहे ना, ते आधी वाचा. असेल तर त्यांना एक मेल टाकून ठेवा.

जुना होस्टआयडी काय होता हेच माहीत नसेल, तर तो लायसन्सच्या फाइलमध्ये मिळेल. फ्लेक्सएलएमची (लायसन्स सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरची) फाइल असेल तर सर्व्हर या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत आधी मशीनचं नाव आणि मग होस्टआयडी असतो. जुन्या डिस्कवर व्हार-एडीएममधल्या मेसेजेस फाइलीत प्रत्येक बूटच्या वेळी इथरनेट ॲड्रेसची ओळ पडलेली असते, त्यातले शेवटचे तीन बाइट घ्या आणि त्यांच्या आधी ८० लावा. ऑफिसच्या स्विचमध्ये किंवा डीएचसीपीच्या लॉगमध्ये तो ॲड्रेस असेल तरी भागतं.

चिप मेलेली निघण्याची शक्यताही धरून चाला. मशीन चालू असताना बॅटरी खर्च होत नाही, गोदामात पडून असताना होते. म्हणून रोज वापरातलं पंचवीस वर्षांचं मशीन धडधाकट असतं आणि कुणी हात न लावलेलं, ‘अगदी नव्यासारखं’ मशीन ओळख विसरलेलं असतं. आयडीप्रॉममधला मजकूर अवैध आहे असा संदेश, इथरनेट ॲड्रेसमध्ये ओळीने एफएफ आणि भलतीच तारीख, एवढं दिसलं की समजा बॅटरी गेली. ओके प्रॉम्प्टवर (ओपनबूटमध्ये कमांड द्यायची जागा) एम-के-पी या कमांडने सोळा बाइट एकेक करून परत भरता येतात, पण बॅटरी मेलेली असेल तर वीज गेली की पुन्हा कोरी पाटी. आधी चिप बदला. इंटरनेटवर ‘नवी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच चिपा जुन्या साठ्यातल्या असतात आणि त्यांचीही बॅटरी उतरलेलीच असते, त्यामुळे परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. ठोकळा कोरून बाहेरून सीआर २०३२ चा सेल जोडणारे लोक आहेत. चांगला हात असेल तर ते वर्षानुवर्षं चालतं. आणि भरायचे ते आपल्याच मशीनचे बाइट. दुसऱ्या कुणाच्या लायसन्सचा होस्टआयडी टाकून सॉफ्टवेअर चालवणं ही चोरीच आहे, त्यात मी मदत करणार नाही.

कॅबिनेटच्या नंबरसाठी एकच आतली जागा बघण्यासारखी आहे. नंबर आत नसण्याचा त्रास सनच्या सपोर्टवाल्यांनाही होता, म्हणून त्यांनी स्नीप नावाचं एक छोटं साधन काढलं. त्यात इंजिनिअर स्टिकरवरचा नंबर हाताने टाइप करायचा आणि ते तो एनव्हीरॅमआरसी या जागेत जपून ठेवायचं. तुमचं मशीन आधी एखाद्या शिस्तीच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर नशीब उघडू शकतं. ओके प्रॉम्प्टवर प्रिंटएन्व्ह एनव्हीरॅमआरसी द्या, किंवा सोलारिसमधून रूट म्हणून ईईप्रॉम एनव्हीरॅमआरसी. चॅसिस (म्हणजे कॅबिनेट) सिरियल नंबर असं काही दिसलं तर उतरवून घ्या. हे वाचायच्या आधी सेट-डीफॉल्ट्स किंवा स्टॉप-एन (दोन्ही सेटिंग मूळपदावर नेतात) अजिबात करू नका. आणि चिपांची अदलाबदलही याच्यानंतर, कारण ही नोंद त्याच चिपमध्ये राहते, चिपेबरोबर दुसऱ्या डब्यात जाते. म्हणूनच तिथे नंबर मिळाला तरी तो याच कॅबिनेटचा आहे याची खात्री देता येत नाही. डिस्क पुसलेली नसेल तर ऑप्टमधल्या सन-डब्ल्यू-एक्सप्लो (सन-डब्ल्यू मोठ्या अक्षरांत) डिरेक्टरीतही डोकावा. एक्सप्लोरर या सनच्या माहिती गोळा करणाऱ्या साधनाच्या फाइलींच्या नावातच होस्टआयडी आणि मशीनचं नाव असतं, त्यावरून मशीन आधी कुठल्या कामाला होतं याचा थोडा अंदाज येतो.

बाकी मग डोळ्यांनी शोधायचं. कॅबिनेटचा तळ, मागची बाजू, पुढच्या प्लास्टिकच्या आतली बाजू, झाकणाची आतली बाजू. आत ५०१ ने सुरू होणारे आकडे दिसले तर हुरळून जाऊ नका, तो सुट्या भागाचा पार्ट नंबर. त्या प्रकारच्या प्रत्येक भागावर तोच असतो.

इतर मशीनांचं थोडक्यात, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांकडे सन नसेल. एचपीच्या एचपी-यूएक्स सिस्टिमवर गेटकॉन्फ मशीन-सिरियल (मधे अंडरस्कोर, आणि हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत) बहुतेक वेळा खरा नंबर देतं. बोर्ड बदलून तो परत भरला नसेल तर रिकामी ओळ येते. आयबीएमच्या एआयएक्सवर एलएस-सीएफजी वजा व्हीपी बघा. तिथला यूनेम वजा एम हा वेगळा आकडा आहे, लायसन्सवाले तो मागतात. एसजीआयच्या इंडीवर सिसइन्फो जो आकडा देतं तो सनसारखाच इथरनेट ॲड्रेसवरून आलेला असतो.

राहिला एएमसीवाला. त्याला सिरियल नंबर हवा असतो तो उद्या कॉल आल्यावर ‘हेच ते मशीन’ हे ठरवायला. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, अल्ट्रा १० त्याच्याही कितीतरी आधी बाजारातून गेलेलं. कंपनीकडे नंबर पडताळायला तो जाणार नाही. त्याला लेखी द्या: मॉडेल अल्ट्रा १०, कॅबिनेटचा नंबर उपलब्ध नाही, होस्टआयडी अमुक, इथरनेट ॲड्रेस अमुक, मदरबोर्डवरच्या बारकोडचा आकडा अमुक, आणि तुमच्या ॲसेट रजिस्टरचा नंबर. तोच ॲसेट नंबर कॅबिनेटवर नीट चिकटवा, जमलं तर पत्र्यावर कोरा. चिप बदलणार असाल तर हे पत्र चिप बदलून झाल्यावरच काढा, नाहीतर त्यातला होस्टआयडी दुसऱ्याच दिवशी खोटा ठरेल. व्यापाऱ्याकडूनही बिलावर त्या आडव्या रेघेच्या जागी ‘कॅबिनेट सिरियल उपलब्ध नाही’ असं लिहून सही-शिक्का घ्या. विमा किंवा ऑडिटच्या वेळी रिकामा रकाना बघून लोक शंका काढतात, लिहिलेलं असेल तर पुढे जातात. एवढ्यावर कोटेशन देत नसेल तर त्याने हे मॉडेल कधी उघडून पाहिलेलं नाही असं समजा आणि दुसरा माणूस बघा.