सायलेन्सर बदलला आणि पिवळा दिवा लागला
गॅरेजमधून : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

या वेळच्या टपालात सायलेन्सरचीच पत्रं जास्त आहेत. दिवाळीचा बोनस कुठे गेला ते कळलं. म्हणून क्लच, बॅटरी, टायरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, आज फक्त धुराचं बघू.

प्रश्न : काका, माझी 2022 ची साडेतीनशे सीसीची गाडी आहे. बाहेरचा सायलेन्सर बेंड पाईपसकट (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप) बसवून घेतला. आवाज एक नंबर. पण दोन दिवसांत मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ॲव्हरेज 34 वरून 26 वर आलंय, आणि थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. दुकानदार म्हणतो, ऑक्सिजन सेन्सरचा कपलर काढून तिथे एक छोटा प्लग खोचू, दिवा विझेल. खोचू का? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : अजिबात नको. त्या प्लगात एक रेझिस्टर असतो, बाकी काही नाही. सेन्सर जागेवर आहे असं ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटावं एवढंच त्याचं काम. दिवा विझेल हो, पण धुरात ऑक्सिजन किती उरलाय ही खबर कायमची बंद होईल आणि गाडी कारखान्यात भरून दिलेल्या तक्त्यावर पेट्रोल सोडत राहील. तो तक्ता जुन्या सायलेन्सरचा आहे. बदल तुम्ही केलात आणि ज्याला तो कळायला हवा, त्यालाच आंधळं करायला निघालात.

तुमची तिन्ही लक्षणं वाचून मला आधी गळतीचा संशय येतो. बेंड पाईप इंजिनाच्या हेडला लागतो तिथलं पॅकिंग जुनंच परत घातलं असणार. लोकांना वाटतं, गळती म्हणजे धूर बाहेर येणार, एवढंच. पण पाईपातला धूर नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाईपातला दाब क्षणभर पडतो आणि तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती दिसते. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर 0.9 व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त झाली की 0.1 च्या आसपास. वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल, या प्रमाणाच्या आजूबाजूला ईसीयू त्याला सतत वरखाली खेळवत असतो. फटीतली हवा दिसली की सेन्सर ओरडतो, "पेट्रोल कमी!" ईसीयू बिचारा ओततो. तरी ओरड थांबत नाही, आणखी ओततो. तुमचे आठ किलोमीटर तिथे गेले. ओतण्याची मर्यादा संपली की मग दिवा. फटाक्यांचं मूळही बहुधा तेच : थ्रॉटल मिटल्यावर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाईपात येतं आणि फटीतून आलेली हवा मिळाली की तिथेच पेटतं.

घरी तपासता येतं. सकाळी गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत चालू करा. मित्राला जाड हातमोजा घालून कापडाच्या बोळ्याने सायलेन्सरचं तोंड एक-दोन सेकंद दाबायला सांगा. तुम्ही हेडजवळ कान करा. गळती असेल तर फुस्स आवाज येतो, आणि जोडावर बारीक काळी रेघ उमटलेली दिसते. पॅकिंग नवीन घाला, दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात की पाईप तिरका बसतो. आणि कृपा करून तिथे साधा सिलिकॉनचा गम फासू नका. त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसते आणि चांगला सेन्सर मरतो.

आता सेन्सर बसलाय कुठे ते बघा. बाहेरच्या पाईपांवर सेन्सरसाठी नट वेल्ड केलेला असतो, पण पुष्कळदा भलत्याच जागी. जुन्या पाईपावर तो हेडपासून जितक्या अंतरावर होता तितक्याच अंतरावर हवा, आणि पाईपाच्या वरच्या अंगाला. खालून बसवलेला नट माझ्याकडे आला की मी पाईप परत करायला सांगतो. थंड गाडी चालू केल्यावर पाईपात पाणी सुटतं, ते खालच्या बाजूला साचतं. आतली सिरॅमिक तापलेली असताना तिच्यावर थेंब पडला की ती तडकते. वायर पुरत नाही म्हणून मध्ये तुकडा जोडला असेल तर सोल्डर केलंय का बघा. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, ती वायरींच्या आतल्या फटींतून येते. सोल्डरने किंवा कपलरात ग्रीस भरून ती वाट बुजते. दाबून बसवायचा जोड वापरा, आणि वायर पाईपाला टेकत नाही ना ते बघा. टेकली की आवरण वितळतं आणि चार वायरी एक होतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. कॅट, म्हणजे धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कुठे गेला? 1 एप्रिल 2020 पासून नवीन गाड्यांना बीएस-6 हे धुराचे नियम लागू आहेत. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप दिलेला तो जाळीदार तुकडा काही गाड्यांत बेंड पाईपातच असतो, काहींत सायलेन्सरच्या डब्यात. तुमच्या गाडीचा बेंड पाईपात असेल तर तो आता घरी माळ्यावर पडलाय. माझं ऐकाल तर कंपनीचा बेंड पाईप परत लावा, सेन्सर मूळ जागी बसवा आणि हौस फक्त मागच्या डब्यापुरती ठेवा. तेवढ्याने दिवा बहुतेक कायमचा जातो. पण मागचा डबा बदलण्याआधी कॅट त्याच डब्यात नाही ना, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आणखी एक. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, तक्त्यावरच चालतो. मोकळ्या पाईपाने हवा वाढली आणि तक्ता तोच राहिला, तर मिश्रण विरळ होतं आणि इंजिन तापतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 वर असताना पुणे हायवेला गाडी ताणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न : मिस्त्रीभाऊ, माझ्या मुलाने कॉलेजला जायच्या गाडीला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलाय. शेजारी भांडायला येतात. तो म्हणतो पीयूसी पास झालीय, म्हणजे कायदेशीर आहे. खरं आहे का? (एक आई, होटगी रोड)

उत्तर : नाही, ताई. पीयूसीवाला गाडी निवांत चालू ठेवून धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो. आवाज मोजतच नाही. आवाजाची मर्यादा गाडी कारखान्यातून निघताना ठरलेली असते : 80 ते 175 सीसीला 77 डेसिबल, त्यावर 80. तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते, त्यामुळे "थोडासाच जास्त आहे" याला अर्थ नाही. कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज-प्रदूषणाच्या कलम 190 मध्ये दंड 10000 पर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिने जातं. गाडी तुमच्या किंवा साहेबांच्या नावावर असेल तर 182अ चा "मालक" कोण, हे मुलाला एकदा विचारून बघा. आमच्याकडेही पोरं येतात, "काका, डीबी किलर तेवढा काढून द्या." म्हणजे सायलेन्सरच्या तोंडातला आवाज दाबणारा तुकडा. एका बोल्टचं काम आहे. मी करत नाही. मग बाहेर जाऊन "का बे, म्हातारा लई कडक आहे" म्हणतात, ते मला आत ऐकू येतं. त्यांच्या गाडीपेक्षा माझे कान अजून चांगले आहेत.

प्रश्न : 2013 ची कार्बोरेटरची गाडी आहे. नवीन सायलेन्सरनंतर पिकअप कमी झालं, प्लग पांढरा पडतोय. कोणता सेन्सर बदलू? (बार्शी)

उत्तर : तुमच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरच नाही, पैसे वाचले. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा घाला, मिक्श्चर स्क्रू नव्याने लावून घ्या. प्लगचं टोक भाजल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचं दिसलं की थांबा.

प्रश्न : 2019 ची पेट्रोल कार. कॅट खराब झाला म्हणून बाहेरचा स्वस्त कॅट बसवला. महिन्याभरात स्कॅनरवर P0420 कोड आला. मेकॅनिक म्हणतो, मागच्या सेन्सरखाली एक लांब नट टाकून सेन्सर धुरापासून दूर करू. चालेल? (पंढरपूर)

उत्तर : कारमध्ये दोन सेन्सर असतात. पुढचा पेट्रोलचं प्रमाण सांभाळतो, मागचा कॅट काम करतोय का ते बघतो. कॅट चांगला असेल तर मागच्याचे व्होल्ट जवळजवळ स्थिर राहतात. तो पुढच्याच्या तालावर वरखाली व्हायला लागला की P0420. नट टाकून फक्त मागचा साक्षीदार लांब उभा राहतो, धूर तोच. आधी स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आलेख शेजारी लावून बघा, मग जोडांची गळती तपासा, कारण मागच्या सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठे गळत असेल तर चांगला कॅटही नापास दिसतो. गळती नसेल तर पहिला कॅट का मेला ते शोधा. इंजिन ऑइल खातंय किंवा एखादा प्लग मिस होतोय, तर तिसरा कॅटही जाईल. स्वस्त कॅटमध्ये मौल्यवान धातू कमी असतो, तेही एक कारण असू शकतं, पण ते सगळ्यात शेवटी धरा.

प्रश्न : जुना सेन्सर पाईपात इतका अडकलाय की पाना घसरतो. काय करू? (मोहोळ)

उत्तर : आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवा आणि पाईप कोमट असताना, लालभडक नव्हे, वायरीसाठी चीर असलेल्या सॉकेटने फिरवा. कारच्या 18 मिलिमीटर आट्यांच्या सेन्सरला 22 चा लागतो. उलट जोर एकदम देऊ नका : थोडा सैल, थोडा परत, पुन्हा सैल. नवीन बसवताना आट्यांना अँटी-सीज (आटे पुन्हा अडकू न देणारी पेस्ट) लावा, पण टोकाला बोटभरही लागू देऊ नका. बहुतेक नवीन सेन्सरना ते लावूनच येतं, तेव्हा दुबार नको. आटे गेलेच तर पाईपवाल्याकडून नवीन नट वेल्ड करून घ्या, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर आणि ईसीयूचा कपलर काढून ठेवा.